रात्रपाळी मागून घेणारे दाजू

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत नेपाळी वॉचमन आहेत. सगळे त्यांना ‘बहादूर’ म्हणतात (त्यांना ते आवडत नाही), मी दाजू म्हणते, नेपाळीत मोठा भाऊ. ते कायम रात्रपाळीच मागून घेतात. ‘वैसे भी नींद नहीं आता, दीदी.’ मी ठाण्यात समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे माझे कान टवकारले. वाटलं, दिवाळीत फटाक्यांना दचकत असतील. छे! शेजारी लवंगी माळ फुटली तरी खुर्चीत निवांत. दचकतात ते केबिनचं दार कुणी वाजवलं की. डिलिव्हरीच्या पोरांना त्यांनी बजावून ठेवलंय, हाक मारा, टकटक नको.

दाजू पश्चिम नेपाळातल्या डोंगराळ रोल्पा जिल्ह्याचे. 1996 मध्ये माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं ते याच भागात. रात्री माओवादी दार ठोठावून जेवण मागायचे, दिवसा पोलीस नाहीतर सैनिक येऊन विचारायचे, कुणाला जेवू घातलंस? 2006 च्या शांतता करारापर्यंत 13,000 हून जास्त माणसं गेली. शेकडो बेपत्ता झाली, त्यांच्या घरचे अजून वाट बघतायत.

अशा आघातावर उपचार करायला डोंगरात मानसोपचारतज्ज्ञ पोचत नाही, तर गावातल्याच माणसाला शिकवा, असं सांगतात. ते खोटं नाही. युगांडातल्या नाकिवाले वसाहतीत रवांडा आणि सोमालियाच्या निर्वासितांमधूनच समुपदेशक तयार केले होते. पद्धत जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठातल्या संशोधकांची. जमिनीवर दोरी पसरायची, ते आयुष्य. चांगल्या आठवणीला फूल, वाईट आठवणीला दगड. मग क्रमाने एकेका दगडाशी थांबायचं. कुठे उभे होतात, काय ऐकू आलं, अंगाला काय झालं? समुपदेशक ते लिहून घेतो, पुढच्या बैठकीत वाचून दाखवतो. अवचित अंगावर येणाऱ्या आठवणीला तिची जागा, तिचा काळ मिळतो. असं शिकवलेल्या साध्या माणसांच्या हातूनही पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर मागे लागणाऱ्या मानसिक त्रासाची, लक्षणं कमी झाली.

पण दोरी पसरायची कुणासमोर? दाजूंना विचारलं, तर हसले. शिकवायचा तर त्यांच्या गावच्या हेल्थ पोस्टवर, म्हणजे छोट्या सरकारी दवाखान्यात, जो बसतो तोच; आणि त्याच्या भावानेच दाजूंच्या काकांचं नाव सैन्याला सांगितलं होतं. तापाची गोळी घेतात त्याच्याकडून, तेवढंच.

माझं मत विचाराल तर ऐकणारा शेजारच्या खोऱ्यातला हवा. बोली तीच, पण या गावच्या वैराशी देणंघेणं नसलेला. आणि शेवटी ते लिहिलेले कागद ज्याचे त्याच्या हातात देतात ना, ते घरात ठेवायची हिंमत होईल का, हेही पहिल्याच बैठकीत विचारायला हवं. दाजूंची तरी होणार नाही.