लष्करी स्लीपिंग बॅग : दुसऱ्या हिवाळ्याची नोंद

मिनेसोटातील माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात अमेरिकी लष्कराचा जुना 'मॉड्युलर' संच अखेर पूर्ण झाला असून, हिरवी पातळ 'पॅट्रोल' (गस्तीची) बॅग, काळी जाड मधली बॅग आणि झाडीच्या रंगांचे गोरटेक्सचे (जलरोधक कापडाचे) आवरण हे तिन्ही भाग टिचबटणांनी जोडून सात रात्री वापरून झाले आहेत. बॅग निवडताना मी जे पाहायला हवे होते ते पाहिले नव्हते, हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

काळ्या बॅगेचा तापमानाचा आकडा उणे 10 फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे 23 सेल्सिअस, आणि पूर्ण संचाचा उणे 30 फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे 34 सेल्सिअस सांगितला जातो. मात्र हा आकडा पॉलीप्रॉपिलिनचे अंतर्वस्त्र घातलेल्या, खाली मॅट असलेल्या सैनिकाला चार तास झोप मिळावी एवढ्याच अपेक्षेचा आहे. दुकानातल्या नागरी बॅगांवरचे 'कम्फर्ट' (आरामात झोप लागेल ते तापमान) आणि 'लिमिट' (कशीबशी झोप लागेल ती खालची मर्यादा) हे आकडे ज्या युरोपीय मानकातून आले, त्या ईएन 13537 ने लष्करी बॅगा आपल्या कक्षेबाहेरच ठेवल्या होत्या, त्यामुळे दोन्हींची तुलना करणे मुळातच चुकीचे आहे. मी स्वतः लष्करी आकड्यात दहा-बारा अंश सेल्सिअस मिळवून हिशेब करतो.

त्याहून महत्त्वाचा आहे भरणाचा फुगवटा. या बॅगांमध्ये पिसे नसून पॉलिस्टरचे तंतू असतात. ते ओले झाले तरी पिसांसारखे गोळा होत नाहीत, पण वर्षानुवर्षे आवळून ठेवले की चेपतात आणि पुन्हा पूर्ण फुगत नाहीत. माझी पहिली काळी बॅग 'जवळजवळ नवी' म्हणून घेतली होती. कापड निर्दोष, चेन सुरळीत, डाग एकही नाही. पण गोदामात ती किती वर्षे बोचक्यात कोंबलेली होती हे कोणी सांगितले नाही. उणे 14 सेल्सिअसला अंगणात झोपलो तेव्हा खांद्यापाशी आणि गुडघ्यांवर थंडी अक्षरशः बोट ठेवून दाखवता येत होती. दुसरी बॅग घेताना मी ती दुकानातच पसरून अर्धा तास तशीच राहू दिली, मग तळहाताने ठिकठिकाणी चाचपली आणि उजेडासमोर धरून पातळ जागा शोधल्या. लेबलावरील करार क्रमांकात बहुधा वर्षाचे दोन आकडे असतात, तेही पाहिले. दुकानदार कंटाळला, पण ही बॅग डागाळलेली असूनही पहिलीपेक्षा कितीतरी उबदार निघाली. डाग सौम्य साबणाने, मोठ्या पिंपाच्या धुलाई यंत्रात बऱ्यापैकी गेले.

आवरणाची परीक्षा वेगळी: ते उलटे करून शिवणीवरची पट्टी सुटली आहे का ते पाहावे आणि आतल्या बाजूला भांडेभर पाणी ओतून दहा मिनिटांत ते पलीकडे पाझरते का ते पाहावे.

सह्याद्रीत हरिश्चंद्रगडावर थंडी वाजली की आणखी एक चादर ओढून घेण्याची सवय लागलेली असल्याने, इथेही मी सुरुवातीला वरच थर वाढवत राहिलो. अंगाखाली दबलेला भरणा मात्र जवळजवळ काहीच काम करत नाही. जुन्या फोमच्या मॅटवर (आर-मूल्य, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, साधारण 2) हवा भरायची मॅट (आर-मूल्य 4) टाकल्यावर, मूल्यांची बेरीज होत असल्याने, उणे 21 सेल्सिअसलाही पाठ गार पडली नाही. गोधडीचा पहिला उपयोग अंथरण्यासाठी असतो, हे आजीला ठाऊक होते. मला ते इथे येऊन उमगले.

एक अडचण मात्र कायम आहे. तंबूत गोरटेक्स आवरण घातले की सकाळी बॅग आणि आवरण यांच्यामध्ये पांढरे दव गोठलेले सापडते, कारण अंगाची वाफ थंड कापडापर्यंत पोहोचून तिथेच अडते. एका रात्रीपुरते ते झटकून टाकता येते. सलग तीन रात्रींच्या मुक्कामात भरणा हळूहळू ओलावतो. म्हणून तंबूत आता आवरण वापरत नाही आणि तोंड बॅगेच्या बाहेरच ठेवतो.

संपूर्ण संच माझ्या काट्यावर साडेचार किलोंच्या आसपास भरतो. तो पाठीवर नेण्याचा हट्ट सोडून दिला आहे. फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावरून घसरगाडीवर ओढून नेणार आहे आणि त्या वेळी हिरवी बॅग काळीच्या आत न घालता वर पांघरून पाहणार आहे.