तांबडी सुर्ला, मामा आणि तीन सेलची बॅटरी

गोव्यात जन्मून ३५ वर्षं इथेच काढली तरी तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ मी गेल्या रविवारपर्यंत बघितलं नव्हतं. शाळेची सहल गेली होती एकदा, पण नेमका तेव्हा मला गोवर आला आणि नंतर ते राहिलं ते राहिलंच. पाहुणे आले की मंगेशी, शांतादुर्गा, जुनं गोवं, मिरामार, तिथेच फिरवतो आपण सगळ्यांना.

या वेळी मामांनी विषय काढला. मामा मेस्त आहेत, सगळी हयात जांभ्या चिऱ्यांची घरं बांधण्यात गेली, आता गुडघ्यांमुळे काम बंद केलंय पण कुणाचंही घर बघितलं की भिंत ओळंब्यात आहे की नाही हे मनातल्या मनात बघणारच. म्हणाले, गो बाय, एकदा ते देऊळ दाखव मला, दगडावर दगड ठेवलेत म्हणे नुसते.

मग साखळीहून निघालो, होंडा, उसगाव करत तिस्कवर पातळ भाजी आणि पाव, पुढे धारबांदोडा, साकोर्डा, बोळकर्णे. बोळकर्ण्यानंतर रस्ता जंगलात शिरतो आणि मोबाईलची रेंज जाते, तेव्हा ज्याला कुणाला फोन करायचाय त्याने आधीच करून घ्या. हा सगळा अनमोड घाटाच्या पायथ्याचा भाग, भगवान महावीर अभयारण्यात येतो. जुलैचा पाऊस होता, आणि जळवांबद्दल मी काही लिहीत नाही, फक्त मीठ सोबत ठेवा.

देऊळ समोर आलं तेव्हा पहिलं वाटलं, एवढंच? खरंच लहान आहे हो. आपल्या डोळ्यांना गोव्यातलं देऊळ म्हणजे घुमट, दीपस्तंभ, तळी, रंगवलेल्या भिंती याची सवय, आणि इथे हिरव्या गवतात एक काळंभोर, ठेंगणं, उतरत्या सपाट दगडी छपराचं देऊळ बसलंय, शिखराचा वरचा भागच नाही. महाराष्ट्रातली हेमाडपंती देवळं ज्यांनी बघितलीत त्यांना ओळख पटेल, तोच प्रकार, चुना न वापरता दगड एकमेकांत बसवलेले. कदंबांच्या काळातलं, १२व्या-१३व्या शतकातलं. (कदंब म्हटलं की आम्हा गोंयकारांना आधी बस आठवते, राजे नंतर. त्या राजांवरूनच बसला नाव दिलंय हे मलासुद्धा कॉलेजात कळलं.)

मामा आत जायच्या आधी बाहेरच्या भिंतीपाशीच दहा मिनिटं थांबले. खिशातून रेशनकार्डाचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि दोन दगडांच्या सांध्यात त्याची कड घालून बघायला लागले, तेवढ्यात तिथल्या सिक्युरिटीवाल्याने लांबून हाक मारली, काका हात लावायचा नाही. बरोबर होतं त्याचं, पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे ते. पण कव्हर काही आत गेलं नव्हतं, हे मामांनी मला नंतर तीनदा सांगितलं.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात आधी कधीच आलं नव्हतं. आपल्याकडे दगड म्हणजे चिरा. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की घट्ट होतो, भिंतीला यासारखा दगड नाही. पण त्याला अंगभर भोकं. चिऱ्यावर कमळाची पाकळी कोरायला घेतलीस तर पाकळीच्या जागी भोक येईल, म्हणाले. म्हणून असलं नक्षीकाम करायचं तर दगडच वेगळा पाहिजे, काळा आणि बारीक कणांचा. बेसाल्ट म्हणतात त्याला सगळीकडे, आणि तो घाटावरून इथे आणला असं मानतात. अनमोड घाटातून रिकामी गाडी चढवताना आमची हवा टाईट होते, आणि यांनी दगड उतरवले!

आत काळोख. मंडपाच्या मधोमध डोकं नसलेला नंदी, त्याच्या भोवती चार कोरीव खांब, पलीकडे दगडी जाळी आणि गाभाऱ्यात लिंग. गाभाऱ्यात नाग राहतो असं म्हणतात, मी वाकून बघितलं नाही, उगाच कशाला. मी मोबाईलचा टॉर्च लावून खांबावर सरळ मारला. काय दिसलं? ओला काळा दगड. फोटो काढला तर तोही तसाच, कोळसा. थोडी निराशच झाले.

मामा म्हणाले, असा नाही. त्यांनी पिशवीतून आपली ती स्टीलची तीन सेलची बॅटरी काढली (मोबाईलवर त्यांचा विश्वास नाही), खांबाच्या अगदी बाजूला धरली, जवळजवळ दगडाला टेकवून, आणि उजेड आडवा सोडला. आणि कोरीवकाम एकदम वर आलं. साखळी दिसली, तिची एकेक कडी वेगळी, हत्ती दिसले. एका खांबाच्या तळाशी एक हत्ती घोड्याला पायाखाली तुडवतोय, दीड मिनिटापूर्वी मी त्याच खांबाला टेकून बुटाची लेस बांधत होते. गिलाव्याला आम्ही असंच बघतो, मामा म्हणाले, समोरून सगळी भिंत चांगली दिसते, बाजूने बल्ब धरला की मेस्ताची लबाडी कळते. इथे लबाडी काही मिळाली नाही त्यांना, बरंच शोधत होते.

छतातलं आठ पाकळ्यांचं कमळ बघायला मात्र खरंच नंदीशेजारी मान मागे टाकून उभं राहायला लागतं. मामांनी बॅटरी वर धरली, मी बघितलं, मग मी धरली आणि त्यांनी बघितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, नंतर एवढंच म्हणाले, हे वर चढवून कोरलं की कोरून वर चढवलं गो? मला काय माहीत.

बाहेर येऊन शिखराच्या तिन्ही बाजूंचे ब्रह्मा, विष्णू, महेश बघितले, मग पायऱ्या उतरून नदीवर गेलो. नदी लाल पाण्याने भरलेली, पावसात तिच्या जवळ फार जाऊ नका. तेवढ्यात एक बस भरून माणसं आली, सगळ्यांनी देवळाला पाठ करून फोटो काढले, वीस मिनिटांत परत गेली. नावं ठेवत नाही, मीही तेच केलं असतं.

पोर्तुगीजांनी आपली कितीतरी देवळं पाडली आणि हे वाचलं ते आडवाटेला असल्यामुळे, असं सगळेच सांगतात. कदंबांचा खुद्द कुलदेव सप्तकोटेश्वर, त्याचं दिवाडी बेटावरचं देऊळ काही वाचलं नाही, नार्व्यातलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नव्याने बांधवलं. दिवाडीला पिएदादच्या चर्चला लागून दफनभूमी आहे, तिथलं छोटं चॅपेल म्हणजे एका जुन्या देवळाचाच राहिलेला भाग असं म्हणतात, त्यात तेव्हाची दगडी जाळी अजून आहे. हे परतताना गाडीत मामांना सांगितलं तर म्हणाले, फेरीबोट रविवारी असते ना?

असते. फक्त जाताना सेल नवीन घ्यायला लागतील, जुने त्या कमळावरच संपले.