तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट

माझ्याकडे १९६९ ची फोक्सवॅगन बीटल आहे, पंधराशे सीसीची. हातात आली तेव्हा गाडी चालू होती, पण चढाला धापा टाकायची आणि जरा लांब गेलं की तापलेल्या ऑइलचा वास आत यायचा. "एअर-कूल्ड आहे, तापणारच," असं बऱ्याच जणांनी ऐकवलं, कारण या गाडीचं मागे बसवलेलं इंजिन पाण्याने नाही, पंख्याच्या हवेने थंड होतं. मला ते पटलं नाही. २००३ मध्ये मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या कारखान्यात शेवटची बीटल बनली, तोवर २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या, आणि त्या वाळवंटात चालल्या तशा घाटातही चालल्या. तापणं हा या इंजिनाचा स्वभाव नाही. माझ्या गाडीत काहीतरी बिघडलेलं होतं आणि ते काय, हे मला घरीच शोधायचं होतं.

सुरुवात टॅपेटपासून केली, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणारा रॉकर यांच्यामधला बारीक गॅप तपासला. या गाडीत दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावण्याआधी टॅपेट बघावेत असं माझं ठाम मत आहे. प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर सगळं त्यानंतर, कारण टॅपेट चुकीचे असतील तर बाकीचं सेटिंग करून काहीच हाती लागत नाही.

इंजिन पूर्ण थंड हवं. पूर्ण थंड म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. गाडीच्या मागे उभं राहिलं की उजवीकडे एक आणि दोन नंबरचे सिलिंडर, डावीकडे तीन आणि चार. एक आणि तीन गाडीच्या तोंडाकडे, दोन आणि चार बंपरकडे. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून आतला फिरणारा रोटर कडेवरच्या बारीक खाचेसमोर आणायचा आणि पुलीची खूण क्रँककेसच्या (इंजिनाच्या मुख्य कवचाच्या) दोन भागांच्या सांध्यासमोर. मग एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-४-३-२ आहे, म्हणून तिथून पुली अर्धा-अर्धा फेरा उलटी फिरवत गेलं की एक, दोन, तीन, चार असे टॅपेट ओळीने येतात. डोक्यात हिशेब ठेवायची गरज पडत नाही.

व्हॉल्व्ह कव्हरला बोल्ट नाहीत. जाड तारेची एक कडी त्याला दाबून धरते. स्क्रू-ड्रायव्हरने ती खाली ढकलली की कव्हर हातात येतं आणि थोडं ऑइल मनगटावर ओघळतं. आत रॉकर दिसतात. माझ्या इंजिनाला गॅप ०.१५ मिलिमीटर, तो ठरावीक जाडीच्या पात्यांनी (फीलर गेजने) मोजतात. एक नंबर ठीक होता, दोनही जवळपास बरोबर. तीनचा इनलेट बरोबर होता. तीनच्या एक्झॉस्टमध्ये मात्र ०.१५ ची पाती जाईना. ०.१० ची लावली, तीही नाही. शेवटी ०.०५ ची, केसासारखी वाकणारी पातीसुद्धा अडली. रॉकर हाताने हलवून बघितला तर टिकटिक अजिबात नाही. गॅप उरलेलाच नव्हता.

इथे एक सांगून ठेवतो. रॉकरच्या स्क्रूचं टोक घासून खोलगट झालेलं असेल तर पाती खळग्याच्या कडांवर टेकते आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी वाटतो. म्हणून मी आधी स्क्रू सोडवून टोक नीट बघितलं. ते गुळगुळीत होतं, म्हणजे दोष पुढे व्हॉल्व्हमध्ये होता.

१३ च्या पान्याने नट सैल केला, गॅप ०.१५ वर आणला, नट आवळून पुन्हा मोजला. आवळताना स्क्रू किंचित फिरतोच. गाडी सुरू केली तर लगेच फरक जाणवला, आयडलिंग सपाट झालं. काही दिवस रोजच्यासारखी चालवली आणि पुन्हा थंड इंजिनावर मोजलं. बाकी सात टॅपेट होते तसेच होते, तीनचा एक्झॉस्ट पुन्हा आवळलेला.

ही गोष्ट गंभीर आहे. टॅपेट सैल होत गेला तर फार तर आवाज वाढतो. पण घट्ट होत जातो तेव्हा व्हॉल्व्ह लांबतोय किंवा सीटमध्ये (तो बंद होताना टेकतो त्या कड्यात) रुततोय असा अर्थ होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच सोडतो. गॅप संपला की तो पुरता टेकत नाही, टेकत नाही म्हणून आणखी तापतो, तापला की आणखी लांबतो. असं चालत राहिलं तर एक दिवस व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं, पिस्टनला भोक पडतं आणि इंजिन संपतं. बहुतेक वेळा हे तीन नंबरलाच होतं, कारण ऑइल कूलर. माझ्या मॉडेलपर्यंत कूलर पंख्याच्या पत्र्याच्या घुमटातच, तीन नंबरच्या वाटेत उभा असायचा, त्यामुळे त्या सिलिंडरकडे जाणारी हवा आधीच गरम आणि कमी झालेली असे. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला, स्वतःच्या वेगळ्या पेटीत नेला. पण माझ्या गाडीसारख्या लाखो गाड्या जुन्या कूलरवर वर्षानुवर्षं नीट चालल्या आहेत. तेव्हा एकट्या कूलरवर खापर फोडून मला थांबायचं नव्हतं. इंजिन उतरवायचं ठरवलं.

इंजिन उतरवणं ऐकायला मोठं वाटतं, या गाडीत ते तसं नाही. गिअरबॉक्सला ते चार ठिकाणी धरलेलं असतं, दोन वर, दोन खाली. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग जनरेटर, कॉइल आणि ऑइल प्रेशर स्विचच्या वायरींवर चिठ्ठ्या लावून त्या सोडवल्या. ॲक्सिलरेटरची केबल कार्ब्युरेटरपासून सोडली, पेट्रोलचा पाइप काढून त्याच्या तोंडात बोल्ट घट्ट बसवला, हीटरच्या केबली सोडल्या. वरच्या दोनपैकी उजवीकडचा नट पंख्याच्या घुमटामागे आहे, तो दिसत नाही, बोटांनी चाचपूनच पाना बसवावा लागतो. खाली जॅक लावला. इंजिन शंभर किलोच्या वर जातं, म्हणून एका मित्राला बोलावून घेतलं. इंजिन सरळ मागे ओढायचं, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून पुरता बाहेर येईपर्यंत. तोवर वजन त्या शाफ्टवर लटकू द्यायचं नाही. मग सावकाश खाली. गाडी मात्र मजबूत घोड्यांवर (स्टँडवर) पुरेशी उंच असायला हवी, नाहीतर इंजिन खाली येतं आणि बंपरखालून बाहेर निघत नाही.

इंजिन जमिनीवर आलं तेव्हा खरं कारण दिसलं. पत्रे गायब होते.

या इंजिनाभोवती काळ्या पत्र्याचं जे आवरण असतं, ते शोभेचं नाही. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत जे काम रेडिएटर आणि होज पाइप करतात ते इथे पत्रे करतात. पंखा वरून हवा ढकलतो, पण ती फिन्समधूनच (सिलिंडरवरच्या पातळ पंखांमधूनच) गेली पाहिजे, नाहीतर सोपी वाट धरून निघून जाते. सिलिंडरच्या खालच्या अंगाला, रॉकर हलवणाऱ्या पुशरॉडच्या नळ्यांच्या वर, दोन सिलिंडरच्या मधोमध एक लहान वळवलेला पत्रा असतो. तो हवेला सिलिंडरच्या पोटाशी वळवून नेतो. माझ्या इंजिनात डाव्या बाजूचा तो पत्रा नव्हताच. आधी कुणीतरी इंजिन खोललं होतं आणि जोडताना तो बाजूला राहिला. तापमानानुसार हवेच्या झडपा उघडणारा थर्मोस्टॅट काढून टाकलेला. घुमटातल्या त्या झडपाही नाहीत. इंजिनाचे पत्रे आणि बॉडी यांच्यामधलं रबर जागोजागी तुटलेलं, म्हणजे सायलेन्सरवरून तापलेली हवा खालून वर येऊन पुन्हा पंख्यातच जात होती. प्लगच्या टोप्यांची रबरंही कडक होऊन पत्र्याला टेकत नव्हती.

झडपा आणि थर्मोस्टॅट काढले की हवा मोकळी वाहते आणि इंजिन थंड राहतं, असं खूप जण मानतात. मी या मताच्या पूर्ण विरोधात आहे. झडपांमुळे सुरुवातीला इंजिन लवकर गरम होतं, थंड इंजिनाची झीज कमी होते. शिवाय उघडल्यावर त्याच झडपा हवेला ऑइल कूलरकडे वळवतात. आणि थर्मोस्टॅटचा मूळ भाता फुटला तर तो लांब होतो आणि झडपा उघड्याच राहतात, म्हणजे बिघडला तरी इंजिन वाचतं. इतका विचार करून बसवलेली वस्तू काढून का टाकायची? नवीन थर्मोस्टॅट बसवण्याआधी मी तो गरम पाण्यात सोडून बघितला. पाणी ६५ ते ७० अंशांवर आलं तसा तो डोळ्यांसमोर ताणला गेला.

डावं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, उतरवलं. तीनच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी शेजारच्या चार नंबरच्या व्हॉल्व्हजवळ धरली तर डोक्याच्या जरा वर ती किंचित बारीक झालेली दिसली. धातू ताणला जात होता. तो व्हॉल्व्ह पुन्हा वापरण्याचा प्रश्नच नव्हता. चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवीन घेतले, आणि व्हॉल्व्हची दांडी सरकते ते गाइड बदलणं व सीट कापणं ही कामं हेडचंच काम करणाऱ्या कारागिराकडे दिली. ती घरी होणारी नाहीत, करूही नयेत.

हेड परत आलं तेव्हा फिन्समागे टॉर्च धरून बघितलं. काही फटींतून प्रकाश आरपार येत होता, काहींतून नाही. ओतकामात राहून गेलेले ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रे तिथे वाट अडवून बसले होते. लांब, बारीक कानसीने ते एकेक करून काढले. या कामाला वेळ लागतो, बोटं दुखतात, पण मला वाटतं सबंध दुरुस्तीत सर्वांत उपयोगी काम हेच झालं. टॉर्च पुन्हा धरला तेव्हा प्रत्येक फटीत उजेड होता.

जोडणीतलं सगळं सांगत बसत नाही. हेडचे आठ नट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क रेंच लावून, ३२ न्यूटन-मीटरला. अंदाजाने आवळू नये, क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, त्यातले आटे ओढून निघतात. पुशरॉडच्या नळ्या बसवण्याआधी दोन्ही हातांनी ओढून थोड्या लांब केल्या, म्हणजे हेड बसल्यावर सील दाबून बसतात, आणि नळीचा सांधा वरच्या बाजूला ठेवला. मग पत्रे, एकही स्क्रू न सोडता. वळणाचा पत्रा जुन्या इंजिनावरचा मिळाला. बॉडीभोवतीचं रबर पूर्ण नवीन.

ऑइल बदलताना खालची जाळी काढून धुतली. या इंजिनाला कागदी फिल्टर नाही, फक्त ही जाळी आहे, आणि आत जेमतेम अडीच लिटर ऑइल मावतं. हेच ऑइल इंजिन थंडही करतं, म्हणून ते मी दर ५,००० किलोमीटरला बदलतो. जाळीच्या झाकणाचे सहा नट हलक्या हातानेच आवळायचे.

पेट्रोलच्या पाइपबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं. या गाड्या जळतात त्या बहुतेक पेट्रोलमुळे. जुनं रबर आतून चिरतं, बाहेरून दिसत नाही. मी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे बदलले. शिवाय कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल येतं ती पितळेची छोटी नळी नुसती ठोकून बसवलेली असते. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती सैल होऊन बाहेर येऊ शकते, आणि मग पेट्रोल थेट डिस्ट्रिब्यूटरच्या आसपास सांडतं. ती पकडून हलवून बघा. जराही हलली तर गाडी चालवू नका. पेट्रोलचा फिल्टरही इंजिनाच्या वर लटकत ठेवू नये. मी तो खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला नेला आणि गाडीत अग्निशामक ठेवला. मागच्या सीटखाली बॅटरी आहे, तिच्यावर झाकण असलंच पाहिजे, कारण सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकल्या तर तिथेही आग लागते.

फॅन बेल्टचा ताण पुलीच्या दोन भागांमधल्या शिमांनी (पातळ चकत्यांनी) ठरतो. अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण दीड सेंटिमीटर आत गेला पाहिजे. पंखा आणि जनरेटर एकाच शाफ्टवर आहेत, म्हणून चालू गाडीत जनरेटरचा लाल दिवा लागला की जागच्या जागी थांबायचं आणि इंजिन बंद करायचं. बेल्ट तुटला असेल तर पंखाही थांबलेला असतो, आणि "घर जवळच आहे" हा विचार इंजिनाच्या जिवावर बेततो.

इंजिन वर चढवून सुरू केलं. पहिल्या तपासणीत, नवीन व्हॉल्व्ह सीटला बसल्यामुळे, सगळेच टॅपेट थोडे बदललेले निघाले, ते अपेक्षितच होतं. पुन्हा ०.१५ वर आणले. त्यानंतरच्या तपासणीत तीनच्या एक्झॉस्टमध्ये पाती हलक्या अडथळ्यासह आत सरकली, जशी सरकायला हवी तशी. पुढच्या सर्व्हिसलाही तसंच. चढावर गाडी आता तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता जाते आणि ऑइलचा वास येत नाही. चार नंबरच्या एका पुशरॉडच्या नळीखाली ऑइलचा ठिपका दिसतो आहे, तेवढं सील पुढच्या वेळी ऑइल बदलताना बघायचं आहे.