ज्याच्या त्याच्या नंबरची बादली

आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाच्या मे महिन्यातल्या, दुर्बिणीचे आरसे घासायच्या शिबिराचा कुठल्याही वर्षीचा फोटो काढा, कोपऱ्यात पाच बादल्या दिसणारच. प्रत्येकीवर ऑइलपेंटने आकडा: ८०, १२०, २२०, ३२०, ६००. दादरच्या शाळेतला तळमजल्यावरचा चित्रकलेचा वर्ग, भिंतीला लावलेली बाकं, मधे वाळू भरून जड केलेली पिंपं, आणि बादल्यांच्या बाजूला स्टुलावर बसलेले काका. दुर्बिणीचा आरसा घासायला येणाऱ्यांना वाटायचं, हे पाणी भरायला नेमलेले गृहस्थ असावेत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळायचं की शिबिर त्यांचंच आहे.

काका गेल्या पावसाळ्यात गेले. गिरणीच्या मेंटेनन्स खात्यात उमेदवारी केलेला, संपानंतर लहानसहान वर्कशॉपमधून फिरलेला हा माणूस मंडळात आला तो दुर्बिणीचा एक स्क्रू बसत नव्हता म्हणून. तो बसवून दिला आणि पुढे कायमचाच राहिला. मंडळाने त्यांना कुठलं पद कधी दिलं नाही. दिलं असतं तर त्यांनी घेतलंही नसतं, असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

शिबिरातला आरसा ठरलेला: सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाची आणि २५ मिलिमीटर जाडीची काच, नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून ताऱ्याची प्रतिमा जिथे पडते तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिलिमीटर. एक काच पिंपावर घट्ट बसवायची, तिच्यावर ८० नंबरची कार्बोरंडम ही घासायची पावडर (नंबर जितका मोठा तितकी बारीक) अर्धा चमचा, थोडं पाणी, आणि वर दुसरी काच ठेवून पुढे-मागे घासायचं. असे काही हात मारले, म्हणजे पुढे-मागे घासलं, की वरची काच किंचित फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. सुरुवातीला करकर आवाज येतो. पाच-सात मिनिटांत तो मऊ पडला आणि राखाडी चिखल झाला की कण मोडले असं समजायचं, पुसायचं, नवीन पावडर घ्यायची. वरच्या काचेला आपोआप खळगा पडतो, ती आरसा; खालची फुगीर होते, ती टूल. दोन पृष्ठभाग सगळ्या दिशांनी एकमेकांवर घासले जात असतील तर ते गोलाचा तुकडा झाल्याशिवाय नीट चिकटून बसूच शकत नाहीत. सगळी कला या एका गोष्टीवर उभी आहे. म्हणून तर शाळकरी पोरालाही हे जमतं.

खळगा किती खोल? मध्यभागी १.१७ मिलिमीटर. हे मोजायला काकांचं साधन म्हणजे स्टीलची पट्टी आणि १.२ मिलिमीटरचं ड्रिल. पट्टी काचेवर आडवी, कडेवर उभी धरायची. मधल्या फटीतून ड्रिलची दांडी जेमतेम सरकली की ८० नंबरची सुट्टी. घाई असलेल्यांना ते लांब, आडव्या हाताने घासू द्यायचे, त्याने खळगा लवकर पडतो. पण शेवटचा अर्धा तास केंद्रावरून केंद्रावर जाणारा, व्यासाच्या एक तृतीयांश लांबीचा हात. नाहीतर मधे खड्डा आणि कडेला सपाटी असा बशीसारखा आकार राहतो आणि पुढच्या सगळ्या नंबरांना तो निस्तरत बसावा लागतो.

आणि मग बादल्या. एका नंबरवरून दुसऱ्यावर जाताना काच, टूल, पिंपाचा वरचा भाग, हात, कोपरं, घड्याळाचा पट्टा, सगळं त्या त्या नंबरच्या बादलीत धुवायचं. ब्रशही त्याच नंबरचा. खालचे वर्तमानपत्राचे कागद गुंडाळून बाहेर. नखं वाढलेली दिसली तर काकांच्या खिशात नेलकटर असायचं, आणि ते द्यायची त्यांची एक पद्धत होती: काही न बोलता पुढे करायचं. ८० नंबरचा कण साधारण मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, ६०० चा त्याच्या दहा-पंधरा पट बारीक. बारीक पावडरीच्या कामात असा एक जाड कण शिरला तर काचेवर असा चरा पडतो की दोन-तीन पायऱ्या मागे जावं लागतं. हे कण लपतात कुठे? बहुतेकदा काचेच्या कडेला. कडेचा धार मोडणारा दोन मिलिमीटरचा उतार खरखरीत घासण्यात झिजून जातो. तो ऑइल स्टोनने पाण्याखाली पुन्हा पाडला नाही तर कडेचे टवके उडतात, आणि टवका म्हणजे घरात ठेवून घेतलेला चोर. म्हणून काका धुतलेली काच आधी कडेवर बोट फिरवून बघायचे, मग तोंडाकडे.

आणखी एक नियम होता, त्यामुळे शाळेचे शिपाई त्यांच्यावर खूश असत. बादलीतलं पाणी मोरीत ओतायचं नाही. रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ पिशवीत भरून कचऱ्यात. हा गाळ पाइपच्या वळणात बसला की सिमेंटसारखा धरतो.

३२० च्या पुढे वेगळाच घोळ होतो. दोन्ही काचा इतक्या जवळ येतात की मधलं पाणी सुकलं की त्या चिकटतात. असं दरवर्षी एकाचं तरी व्हायचंच. लोक स्क्रू ड्रायव्हर शोधायला धावतात, तिथेच काच फुटते. काका जोडी कोमट पाण्याच्या टबात बुडवून ठेवत, चहा मागवत, आणि अर्ध्या तासाने वरच्या काचेला बाजूने लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोकत. वर उचलायची नाही, बाजूला सरकवायची. चहाचे पैसे ज्याची काच चिकटली त्याने द्यायचे, हाही नियमच.

पॉलिशसाठी पिच लागतं, डांबरासारखा काळा, थंडीत ठिसूळ आणि उन्हाळ्यात वाहणारा पदार्थ. मुंबईच्या मे महिन्याची खरी परीक्षा इथे. टूलभोवती कागदी पट्टीचा बांध घालून पाच-सहा मिलिमीटरचा थर ओतायचा, कोमट झाल्यावर आरशाला साबणाचं पाणी लावून त्यावर दाबायचा, मग चिरा पाडून चौकोन करायचे. चौकोनांची जाळी मध्यबिंदूपासून थोडी बाजूला सरकलेली हवी. बरोबर मधे आली तर आरशावर कडी उमटतात. पिच मंद आचेवरच वितळवायचं, उकळलं की त्यात बुडबुडे राहतात. आणि टर्पेंटाइन घालायचंच असेल तर आधी शेगडी विझवायची. हे ते ओरडून सांगत, एरवी आवाज न चढवणारा माणूस.

कडकपणा बघायची त्यांची रीत म्हणजे अंगठ्याचं नख. मध्यम जोराने काही सेकंद दाबलं की बारीक खूण उठली पाहिजे. उठलीच नाही तर पिच कडक, चरे पाडील. नख आत रुतलं तर मऊ. चौतीस-पस्तीस अंशाला मऊ पिचच्या चिरा तासाभरात मिटतात, सेरियम ऑक्साइड या पॉलिशच्या पावडरीचं गुलाबी पाणी खेळायला जागा उरत नाही आणि आरशाची कड खाली पडते. पडलेली कड हा या छंदातला सर्वांत सामान्य रोग, आणि ती सुधारणं म्हणजे बाकीचा सगळा आरसा तिच्यापर्यंत खाली आणणं. उपाय म्हणून काका पिचमध्ये राळ घालून ते कडक करत. किती, हे कधी सांगत नसत. विचारलं तर म्हणत, “हवेला विचार.” हे उत्तर त्या वेळी चिडवणारं होतं.

तपासणी रात्री. फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५० च्या दशकाच्या अखेरीस शोधलेली ही युक्ती अजून बदललेली नाही: आरशापासून २४०० मिलिमीटरवर, म्हणजे वक्रतेच्या केंद्राशी, एक बारीक प्रकाशबिंदू, आणि त्याचं प्रतिबिंब जिथे पडतं तिथे दाढीचं पातं. पातं हळूहळू आत सरकवलं की आरसा गोलाकार असेल तर तो सगळाच्या सगळा एकदम राखाडी होतो. पॅराबोला, म्हणजे दुर्बिणीला हवा तो आकार, झाला असेल तर मेदूवड्यासारखी सावली दिसते. या आरशाला गोलापासून पॅराबोलापर्यंत जायला जी काच काढायची ती मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून कमी. म्हणूनच वर्गातले सगळे पंखे बंद, खिडक्या बंद, पंधरा माणसं घामाने निथळणारी. पंखा सुरू असला की पात्यापुढे हवेच्या लाटा नाचताना दिसतात. गाडी गेली की सावली थरथरते. दादरला दोन्ही लाइनींची वर्दळ, त्यामुळे चांगली मापं शेवटच्या लोकलनंतरच घ्यायची.

या रात्रीचा एक ठरलेला खेळ होता. नवीन मुलाला काका म्हणत, आरशावर बोट टेकव आणि धर थोडा वेळ. मग पात्यामागून बघ. बोटाच्या उबेने काच फुगून तिथे चक्क टेकडी उभी राहिलेली दिसते आणि काही मिनिटांत विरून जाते. पॉलिशनंतर आरसा तासभर तरी निवू द्यायचा, हे त्यानंतर कुणाला पुन्हा सांगावं लागत नसे.

अमेरिकेत व्हरमाँटमधल्या एका टेकडीवर हौशी दुर्बीणकारांचा मेळावा १९२६ पासून भरतो, लोक स्वतः घासलेले आरसे घेऊन येतात. आमचा मेळावा डिसेंबरात, वांगणीला, अमावास्येजवळच्या शनिवारी. कर्जत लोकलच्या लगेज डब्यातून प्लायवूडच्या नळ्या नेताना होणारी वादावादी हा त्याचा पहिला अंक. काकांच्या दुर्बिणीचा तळ जुन्या एलपी रेकॉर्डवर फिरायचा, खाली टेफ्लॉनचे तीन तुकडे. त्यांना आकाशातलं फार माहीत नव्हतं. देवयानी कुठे, शर्मिष्ठा कुठे, हे मुलं त्यांना दाखवत. पण एक गोष्ट ते दरवर्षी स्वतः दाखवत. मध्यरात्र उलटली की दक्षिणेला अगस्ती सर्वांत उंच येतो, क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश. पाठ फिरवली की उत्तरेला ध्रुव, एकोणीस अंश. हात लांब करून पसरलेली एक वीत इकडे, एक वीत तिकडे. मुंबईच्या अक्षांशावर हे दोघे जवळजवळ बरोबरीने बसतात, याचं त्या मेंटेनन्सवाल्या माणसाला भारी कौतुक होतं. लेव्हल बरोबर आहे म्हणायचे.

पहाटे दव उतरलं की छोटा आरसा आणि नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगं, धुरकट होतात. पुसायच्या नाहीत, खिशात उबवायच्या. परतल्यावर दुर्बिणी सिलिका जेलच्या डब्यात. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर भाजून घ्यायचे, नाहीतर पावसाळ्यात नेत्रिकेच्या आत बुरशीची जाळी धरते आणि आरशावरचा अॅल्युमिनियमचा थर खारट हवेने ठिपक्याठिपक्यांनी जातो.

या मे महिन्यात शिबिर झालं. बादल्या भरायला तिघं लागली. पिच काढायला कपाट उघडलं तेव्हा काकांचे डबे ओळीने मिळाले, अकरा. प्रत्येक वर्षीचं उरलेलं पिच त्यांनी वेगळं ठेवलं होतं आणि झाकणावर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने तारीख, खोलीचं तापमान आणि राळेचे चमचे लिहिले होते. हवेला विचारलेलं सगळं तिथे होतं. सर्वांत अलीकडच्या डब्यावर लिहिलं होतं: “३४ अंश. राळ दोन चमचे जास्त झाली. पुढच्या वर्षी कमी घालणे.”

दोन चमचे कमी घातली. चिरा दुपारपर्यंत टिकल्या.