दोन घरचा पाहुणा

न्यू जर्सीत येऊन सहा वर्षं झाली, पण नवऱ्याच्या डोळ्यांचं बिल कुणी भरायचं हे मला गेल्या वर्षी कळलं. तेही बिल हातात पडल्यावर.

पुण्यात असताना डोळे तपासायचे म्हणजे लक्ष्मी रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन मशीनवर हनुवटी टेकवायची आणि दोन दिवसांनी चष्मा घेऊन यायचा. इथे डॉक्टरच्या सहीचा नंबराचा कागद लागतो आणि त्या कागदामागे दोन विमे असतात. एक आजारपणाचा, दुसरा व्हिजन प्लॅन. कंपन्या वेगळ्या, कार्डं वेगळी. व्हिजन प्लॅन हा खरं तर विमा कमी आणि सवलतीचं कूपन जास्त. पगारातून दर महिन्याला थोडे डॉलर जातात, त्या बदल्यात आम्हाला वर्षातून एक साधी तपासणी आणि फ्रेमसाठी 150 डॉलर मिळतात. डोळ्याला खरंच काही झालं की हे कार्ड हात वर करतं.

नवऱ्याला शुगर आहे. फेब्रुवारीत नवा चष्मा करायला म्हणून गेलो. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, पडद्याचे फोटो काढले. किंचित बदल दिसताहेत, घाबरू नका, सहा महिन्यांनी या, म्हणाले. आम्ही फ्रेम निवडून घरी आलो. महिन्याभरात बिल आलं. तपासणी आरोग्यविम्यावर टाकली होती आणि तिथलं डिडक्टिबल, म्हणजे विमा उघडण्याआधी आपल्याच खिशातून जायची रक्कम, वर्षारंभी जवळजवळ पूर्ण शिल्लक. सगळा भार आमच्यावर! खाली आणखी एक वेगळी ओळ होती: रिफ्रॅक्शन. म्हणजे नुसता नंबर काढल्याचे पैसे.

आरोग्यविम्याला फोन केला, तर नंबर काढणं आमच्यात बसत नाही. व्हिजनला केला, तर मधुमेह आमच्यात बसत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो असा.

शेवटी दवाखान्यातल्या बिलं बघणाऱ्या बाईंनी उलगडा केला. मशीन तेच, खुर्ची तीच. पण तुम्ही कशासाठी आलात आणि डॉक्टरांना काय सापडलं यावर कार्ड ठरतं. लांबचं धूसर दिसतं, नंबर वाढला, तर व्हिजन. शुगर, काचबिंदू, मोतीबिंदू, डोळे आले, तर आरोग्य. आमच्या बाबतीत क्लेम आधी आरोग्यविम्याकडे जायला हवा होता तसा गेलाच होता. त्यांचा हिशोबाचा कागद जोडून उरलेलं व्हिजनकडे पाठवायचं मात्र राहिलं होतं. ते पाठवल्यावर रिफ्रॅक्शनचे पैसे व्हिजनने दिले. सगळे प्लॅन असं करत नाहीत, हेही बाईंनी बजावलं. डिडक्टिबलचं ओझं राहिलंच.

एक गोष्ट मात्र इथली चांगली. तपासणी संपली की नंबराचा कागद न मागता, जादा पैसे न घेता हातात द्यावा लागतो, कायदाच आहे तसा. चष्मा मग कुठूनही करा.

पासष्टीनंतरच्या सरकारी मेडिकेअरचं तर्कशास्त्र आणखी मजेशीर. मूळ मेडिकेअर साध्या चष्म्याला पैसे देत नाही. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडद्याची तपासणी बसते. आणि मोतीबिंदू काढून आत लेन्स बसवली, की एक चष्मा मिळतो! आईबाबा इकडे भेटीला येणार असतील तर त्यांना तिकडूनच दोन चष्मे करून आणायला सांगा. प्रवासाच्या विम्यात सहसा हे काही बसत नाही.

या वर्षी मी फोनवरच सांगितलं, चष्माही करायचा आहे आणि शुगरची तपासणीही. पलीकडून दोन वेगळ्या दिवसांच्या वेळा मिळाल्या. चष्म्याच्या दिवशी नवरा एकटा गेला. थेंबांच्या दिवशी मी रजा टाकली आणि येताना गाडी चालवली.