पीपीएल निघाली एकदाची, पण स्टीप टर्ननं घाम काढला

झालं! शनिवारी रात्री एक्स-प्लेन या संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरवर आपल्या ग्रुपची पीपीएल (खासगी वैमानिक परवाना) चेकराइड, म्हणजे उड्डाणपरीक्षा, पास झालो. आपले परीक्षक काका, त्यांनी लॉगबुकात नोंद टाकली, वर शेराही मारला, 'उड्डाण चांगलं, रेडिओवर भाऊ जरा कमी बोला.' तेवढं ऐकून घेऊ.

तोंडी परीक्षा, सर्किट, स्लो फ्लाइट, स्टॉल (पंखांची उचल तुटणं) हे दोन ओळींत उरकतो, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. इंजिन 'बंद' पडल्यावर ६८ नॉट्सचा ग्लाइड धरला आणि सरळ नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर आणून टेकवलं. ३,२०० मीटरच्या धावपट्टीवर सेसना १७२ सारखं छोटं विमान उतरवणं ही काही मर्दुमकी नव्हे, हे मीच सांगतो, म्हणजे कोणी टोमणा मारायला नको.

खरं दुखणं स्टीप टर्नचं, म्हणजे विमान खूप कलवून घेतलेल्या वळणाचं. मापं तुम्हाला पाठ आहेत, आपण एफएएचीच (अमेरिकेचं विमान वाहतूक प्राधिकरण) उचलली आहेत. ४५ अंशांचा बँक (विमानाचा कल), उंची शंभर फुटांच्या आतबाहेर, वेग दहा नॉट्सच्या, बाहेर पडताना हेडिंग (दिशा) दहा अंशांच्या. एक पूर्ण चक्कर डावीकडे, एक उजवीकडे. माझं डावं वळण बुडायचं आणि उजवं चढायचं. कधीतरी नव्हे, दर वेळी. डाव्यात दीडशे फूट खाली, उजव्यात तेवढंच वर. बेरीज केली तर शून्य येते, पण काका बेरजेचे मार्क देत नाहीत.

पहिला संशय अर्थातच स्टिकवर. मागच्या अपडेटमध्ये लिहिलंच होतं की नाक वर-खाली करणाऱ्या पिच अ‍ॅक्सिसचा पॉट (स्टिकची हालचाल मोजणारा पोटेन्शियोमीटर) खडखडतोय. एक्स-प्लेनच्या सेटिंगमध्ये हात न लावता स्टिकची स्थिती दाखवणारी ती हिरवी पट्टी थरथरत असायची. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की आठवडाभर शहाण्यासारखी वागते, मग पुन्हा तेच. माझं ठाम मत आहे की क्लीनर हा इलाज नाही, ती फक्त पुढची तारीख मिळते. म्हणून पॉट काढून हॉल सेन्सर (चुंबकावरून हालचाल ओळखणारा) बसवायचं ठरवलं.

बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) मोदी नंबरच्या गल्लीत एका दुकानात गेलो. 'हॉल सेन्सर द्या', दुकानदारानं डबीतून काढून दिला, मी घरी आणून सोल्डर केला, गिंबलच्या (स्टिक ज्यावर फिरते त्या सांध्याच्या) दांड्याला दोन चुंबकं समोरासमोर चिकटवली, मध्ये सेन्सर. कॅलिब्रेशन उघडलं तर पट्टी एकतर पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली. मधलं काही नाहीच. विमानाला दोनच मनःस्थिती, आकाश किंवा पाताळ. मोबाईलचा कॅमेरा झूम करून सेन्सरवरचा नंबर वाचला, ३१४४. हा स्विच आहे हो! चुंबक जवळ आहे का, एवढंच तो सांगतो. आपल्याला लागतो एसएस४९ई, जो ५ व्होल्टवर चुंबक नसताना साधारण अडीच व्होल्ट देतो आणि चुंबक हलेल तसा त्याच्या वरखाली सरकतो. परत गेलो तर दुकानदार म्हणे, "दोन्हीले तीनच पाय आहेत ना भाऊ, चालून जाईन." नाही चालत. शेवटी ऑनलाइन मागवले. एकटा मिळत नाही, पाकीटच घ्यावं लागतं.

एसएस४९ई बसवल्यावरची पहिली दहा मिनिटं मी उडवलंच नाही, नुसती ती हिरवी पट्टी बघत बसलो. दगडासारखी स्थिर. स्टिक केसभर ढकला, पट्टी केसभर सरकते. डेड झोन (स्टिक हलवूनही काही न होणारा मधला पट्टा) शून्यावर आणला, स्टॅबिलिटी ऑगमेंटेशन (विमान स्थिर ठेवायला सिम्युलेटरची आपोआप मदत) तर आधीपासूनच शून्यावर आहे. (ते अर्ध्यावर ठेवून परीक्षा देणाऱ्यांबद्दल माझं मत इथे लिहीत नाही.) मग ३,५०० फुटांवर गेलो, ९५ नॉट्स, डावीकडे वळलो... बुडालं. उजवीकडे वळलो, चढलं.

आता स्टिकला दोष देता येईना. एक्स-प्लेनचं डेटा आउटपुट चालू केलं, बँक आणि उंची डेटा.टीएक्सटीमध्ये उतरवून घेतली आणि एक्सेलमध्ये आलेख काढला. खडखडाट असता तर रेघ वेडीवाकडी आली असती. इथे सुबक उतार होता. बँक ३० अंशांच्या पुढे गेला की लगेच डावीकडे उतार, उजवीकडे चढ. म्हणजे कोणीतरी अगदी विचारपूर्वक नाक खाली-वर करत होतं, आणि ते म्हणजे माझे डोळे.

गंमत अशी आहे. १७२ मध्ये पायलट डावीकडे बसतो, त्यामुळे इंजिनाच्या कव्हरचा मधला उंचवटा आपल्याला स्क्रीनच्या मध्यापासून उजवीकडे दिसतो. डावीकडे बँक केला की क्षितिज कलतं आणि त्याची उजवी बाजू खाली जाते. उंचवटा नेमका तिकडे असल्यानं तो क्षितिजाच्या वर आल्यासारखा दिसतो. नाक चढलं असं वाटून हात आपोआप स्टिक ढकलतो. उजवीकडे बरोबर उलटं. खऱ्या विमानात शेजारी-शेजारी बसून शिकणाऱ्यांनाही हे भोवतंच, पण तिथे निदान बूड सांगतं. ४५ अंशांवर १.४१ 'जी' (गुरुत्वाचा पट) बसतो, अंग जड होतं, वजन कमी झालं की कळतं. आपल्या खुर्चीला चाकं आहेत, 'जी' नाही. आपल्याकडे फक्त डोळे, आणि तेच फितूर.

इलाज सापडला तो आईच्या टिकलीच्या पाकिटात. सरळ उड्डाणात स्थिर झालो, हेड ट्रॅकिंग (मान हलेल तसं दृश्य हलवणारी सोय) बंद केलं, आणि स्क्रीनच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर, जिथे क्षितिज येत होतं तिथे, एक मरून टिकली चिकटवली. उंचवट्याकडे बघायचंच नाही. टिकलीवरून क्षितिज गेलं पाहिजे, मग डावं वळण असो की उजवं. "विमानाला टिकली कशाला रे?" असं आईनं विचारलं, समजावून सांगेपर्यंत ती निघून गेली होती.

बाकी सगळं तुमच्यासारखंच. ३० अंशांच्या पुढे ट्रिम (स्टिकवरचा दाब हलका करणारी सोय) दोन टिचक्या वर आणि शंभर-सव्वाशे आरपीएम जास्त. ४५ ला विमान स्वतःहून आणखी कलायला बघतं, म्हणून एलरॉन (पंखावरची, कल बदलणारी पट्टी) किंचित उलटा. स्टॉलचा वेग ४८ नॉट्सवरून ५७ वर सरकतो, त्यामुळे ९५ वरून घुसलं तर भीती नाही.

ओपनट्रॅक हा हेड ट्रॅकिंगचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी एक अडचण आहे. मान हलली की दृश्य हलतं आणि टिकली निरुपयोगी. मी स्टिकच्या एका बटणावर ट्रॅकिंगचा पॉज बसवला आहे. फ्लायविथलुआ या एक्स-प्लेनच्या स्क्रिप्ट प्लगइनमध्ये स्क्रीनवर ठिपका काढायची छोटी स्क्रिप्ट लिहिता येईल असं हे लिहिताना सुचतंय. पण टिकलीला फ्रेमरेट लागत नाही.

परीक्षेच्या रात्री कूलर इतका खडखडत होता की काका माइकवर म्हणाले, "हा वारा तिकडचा आहे की इकडचा?" समोर कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या धरल्या (ऑर्थो टाइल्स, म्हणजे हवाई छायाचित्रांवरून जमिनीचं दृश्य, बनवल्याचं सार्थक तिथेच झालं) आणि डावी चक्कर मारून तिथेच बाहेर आलो. क्षणभर तसाच सरळ जात राहिलो. काका लगेच, "उजवं घे ना आता, घाबरून काऊन राह्यला?" घेतलं. नंतर आलेख पाहिला, डावीकडे साठ फूट, उजवीकडे चाळीस. तो प्रिंट करून कपाटाला लावलाय, हसायचं ते हसा.

पुढे आयआर (इन्स्ट्रुमेंट रेटिंग, फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी) सुरू करायचं ठरलं होतं. पण त्याआधी मेच्या उन्हात एक चक्कर हवी. सोनेगाव १,०३३ फुटांवर, पारा ४५ वर, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा विरळ झाल्यानं विमानाला भासणारी उंची) जवळपास ४,९०० फूट. पूर्ण वजनाच्या १७२ ची चढण तिथे किती मरते ते लाइव्ह वेदरमध्ये (सिम्युलेटरमध्ये त्या वेळचं खरं हवामान) बघायचंय.

आणि आता टाइप करतानाच आयआरही मागे ढकलावंसं वाटतंय. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात भेटायची, थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. आपण चौघं मिळून हे एका रात्रीत करू शकतो, डाकोटा (डीसी-३) विमान घेऊन. एक्स-प्लेन १२ मध्ये नीट चालणारी डाकोटा कोणाकडे आहे, ते आधी सांगा. मुंबईचा मार्ग मी घेतो, दिल्लीचा काकांना देऊ, कलकत्ता आणि मद्रास रिकामे आहेत. आणि एसएस४९ई माझ्याकडे उरलेत, नागपूरवाल्यांनी प्रतापनगरला येऊन घेऊन जावेत, चुंबकं मात्र आपली आपण आणायची.