लॅपटॉपवरचा नकाशा घेऊन सागरी मार्गाने पुणे ते रत्नागिरी

ताम्हिणी घाटातून कोकणात उतरायचे, श्रीवर्धन-हरिहरेश्वर करून बागमांडल्याला फेरीबोटीवर गाडी चढवायची आणि तेथून किनारा शक्यतो न सोडता केळशी, आंजर्ले, दापोली, दाभोळ, गुहागर, जयगड या क्रमाने रत्नागिरी गाठायची, असा आमचा बेत होता. एवढ्यासाठी मोबाईलवरचा नकाशा बहुतेकांना पुरतो. आम्ही मुद्दाम लॅपटॉप घेतला, कारण मोबाईलच्या पडद्यावर पुढचे वळण दिसते, पण खाडीच्या अलीकडचा धक्का, पलीकडचा धक्का आणि बोट चुकल्यास पडणारा वळसा हे सारे एका नजरेत मावत नाही. मात्र हा नकाशा चालकासाठी नसतो, हे आधीच ठरवून टाकावे. मोटार रॅलीत चालकाशेजारी नेव्हिगेटर बसतो, त्या पद्धतीने एका माणसाला हे काम नेमून देता येत असेल, तरच लॅपटॉप बरोबर न्यावा. एकट्याने गाडी चालवणाऱ्याने मोबाईलवरच भागवावे.

सर्वसाधारण लॅपटॉपमध्ये जीपीएस नसते. तो आपले स्थान दाखवतो ते आसपासच्या वायफायवरून आणि इंटरनेटच्या मदतीने, त्यामुळे मुळशी मागे पडून मोबाईलची रेंज गेली की तो अंदाजही संपतो. म्हणून यूएसबीला जोडायचा वेगळा जीपीएस रिसीव्हर घ्यावा लागतो. हा रिसीव्हर एनएमईए ०१८३ या ठरलेल्या स्वरूपात दर सेकंदाला अक्षांश, रेखांश, वेग आणि दिशा मजकुराच्या ओळींत पाठवतो, आणि संगणकाला तो एखाद्या सिरियल पोर्टसारखा, म्हणजे जुने माउस-मोडेम जोडायच्या खाचेसारखा, दिसतो. यू-ब्लॉक्स चिपचे रिसीव्हर बहुधा ९६०० बॉडवर (बॉड म्हणजे माहिती पाठवण्याच्या वेगाचे माप) बोलतात, तर जुने सर्फ-स्टार चिपचे ४८०० वर. प्रोग्रॅममध्ये हा आकडा चुकला तर पोर्ट उघडते, पण स्थान येत नाही. रिसीव्हर थेट लॅपटॉपला खोचण्यापेक्षा दीडदोन मीटरची एक्स्टेंशन वायर लावून तो पुढच्या काचेखाली, आकाश दिसेल असा ठेवावा.

विंडोज वापरणाऱ्यांना एक विचित्र प्रकार भेटण्याची शक्यता आहे. रिसीव्हर लावून संगणक सुरू केला की कधीकधी विंडोज त्या अखंड येणाऱ्या ओळींना जुन्या पद्धतीचा सिरियल माउस समजते आणि पडद्यावरचा बाण सैरावैरा धावू लागतो, वाटेल तिथे क्लिक होऊ लागते. अशा वेळी रिसीव्हर काढून बाण ताब्यात घ्यावा, पुन्हा जोडून डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत दिसणारी ‘सिरियल बॉलपॉइंट’ ही नोंद बंद करावी. आमच्या लॅपटॉपवर लिनक्स असल्याने हा प्रश्न आला नाही. तेथे जीपीएसडी ही सेवा रिसीव्हर सांभाळते आणि नॅव्हिट हा मोफत प्रोग्रॅम तिच्याकडून स्थान घेऊन मार्ग काढतो. नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशाचा, भारताच्या पश्चिम विभागाची फाईल घरीच उतरवून नॅव्हिटच्या स्वरूपात बदलून घेतलेली. प्रवासात इंटरनेटची गरज उरत नाही. वळणे बोलून दाखवण्याची सोय त्यात आहे, परंतु इंग्रजी धाटणीच्या यांत्रिक आवाजात ‘कोळथरे’ आणि ‘वेळास’ ऐकणे फार काळ सहन होत नाही, म्हणून ती आम्ही बंद केली.

विजेचा हिशेब मात्र निघण्यापूर्वीच करावा. पडदा सतत चालू असताना बॅटरीवर दिवस निघत नाही. लॅपटॉप यूएसबी-सी वरून चार्ज होत असेल तर ६५ वॅटचा गाडीतला चार्जर हा सर्वांत सुटसुटीत उपाय आहे. तसे नसेल तर १२ व्होल्टवरून २३० व्होल्ट करणारा छोटा इन्व्हर्टर लागतो, आणि त्यात होणारी घट धरता ६५ वॅटसाठी गाडीच्या सॉकेटमधून सुमारे ६ अँपिअर खेचले जातात. त्या सॉकेटचा फ्यूज साधारणपणे १० किंवा १५ अँपिअरचा असतो, तेव्हा त्याच सॉकेटला दुभाजक लावून टायरमध्ये हवा भरायचा पंपही चालवण्याचा मोह टाळावा आणि एक जादा फ्यूज जवळ ठेवावा.

लॅपटॉप घेऊन पुढच्या सीटवर बसू नये, हा सल्ला मी सर्वांत आग्रहाने देईन. समोर एअरबॅग असते, आणि ती उघडली तर मांडीवरचा लॅपटॉप तितक्याच जोराने अंगावर येईल. आमची वहिनी मागच्या सीटवर डावीकडे, पट्टा लावून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप घेऊन बसली होती; तेथे ऊनही कमी येते. जुनी फिरती हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप खड्ड्यांच्या रस्त्यावर वापरू नये, एसएसडी असलेलाच न्यावा. जेवायला थांबताना तो बंद गाडीत उन्हात ठेवू नये.

ताम्हिणीत डोंगराच्या कड्याखालून जाताना उपग्रह झाकले जातात आणि गाडीची खूण रस्ता सोडून शेजारच्या जंगलात फिरते. वळण संपून आकाश मोकळे झाले की ती जागेवर येते, त्यासाठी काहीही करावे लागत नाही. खरी अडचण माणगाव, म्हसळा ओलांडल्यावर सुरू झाली. नॅव्हिट प्रत्येक प्रकारच्या रस्त्याला एक ठरावीक वेग धरून वेळ काढतो. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे बागांच्या गडग्यांमधून, समोरून एसटी आली तर मागे जाऊन जागा द्यावी लागेल असा. येथे ताशी २५ ते ३० किलोमीटरपेक्षा अधिक सरासरी पडत नाही. त्यामुळे मुक्कामाला पोहोचण्याची प्रोग्रॅमने दिलेली वेळ पाहून कोणी जेवणाची ऑर्डर देऊ नये. त्याच्या मांडणीच्या फाईलमध्ये हे वेग कमी करता येतात, आणि ते काम घरीच उरकावे.

फेरीबोटींबाबत तर अधिकच सावध राहावे. बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड हे तिन्ही जलमार्ग नकाशात आहेत, आणि प्रोग्रॅम त्यांवरून बिनदिक्कत रस्ता काढतो, जणू बोट आपलीच वाट पाहत धक्क्याला लागली आहे. बोटीचे वेळापत्रक, रांगेत लागणारा वेळ, रात्री बंद होणारी सेवा यांतले काहीच त्याला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक खाडीच्या आधी वहिनी बोट वगळून दुसरा मार्गही काढून ठेवत असे. बागमांडल्याला तो आंबेत-म्हाप्रळ पुलावरून मंडणगडकडे जातो. हा पूल मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद राहिला होता, तेव्हा स्थानिकांना विचारूनच तिकडे वळावे. दाभोळची बोट चुकली तर खेड-चिपळूणचा मोठा फेरा पडतो. दाभोळच्या धक्क्याकडे निघण्याची वेळ आम्ही हा फेरा पडद्यावर पाहूनच ठरवली, आणि लॅपटॉप आणल्याचे सर्वाधिक चीज तेथे झाले.

बोटीवर असताना पडद्यावरची उंची उणे साठ-सत्तर मीटर दिसली तर घाबरू नये. काही प्रोग्रॅम समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती लंबवर्तुळापासूनची उंची दाखवतात, आणि आपल्या किनाऱ्यावर खरी समुद्रसपाटी त्या लंबवर्तुळाच्या तितकी खाली आहे.

गुहागरहून तवसाळकडे जाताना अंधार पडला आणि पडद्याचा उजेड आरशातून चालकाच्या डोळ्यांवर येऊ लागला. नॅव्हिटमध्ये गडद रंगांची मांडणी असते. ती निवडून पडद्याचा उजेड अगदी कमी करावा. परतीचा आंबा घाट आणि कोल्हापूरवरून पुण्याचा महामार्ग यांसाठी लॅपटॉप उघडण्याची गरजच पडली नाही, तेथे पाट्या पुरेशा आहेत.

प्रवासभराचा माग जीपीएक्स फाईलमध्ये साठवण्याची सोय सुरुवातीलाच चालू करावी. नकाशात नसलेला एखादा गावरस्ता त्यात सापडला तर तो माग ओपनस्ट्रीटमॅपला देता येतो. मात्र देण्यापूर्वी आपल्या घराजवळचा आणि मुक्कामांच्या जागांचा भाग त्यातून कापून टाकावा.